डॉ. महेंद्रलाल सरकार : एका होमिओपॅथ डॉक्टरांची विज्ञाननिष्ठा



दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. फलक रंगविले जातात, दोन-तीन भाषणे होतात आणि सर सी. व्ही. रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. अशाच एका कार्यक्रमानंतर आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, रामन तर सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते ना? मग प्रयोग कुठे करायचे? प्रयोगशाळा कोणाची होती?"

प्रश्न सरळ होता. पण मला त्याचे उत्तर येत नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक. "उद्या सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी जाऊन पुस्तके चाळू लागलो तेव्हा जे हाती आले ते मला इतके नवलाचे वाटले की यंदाच्या स्मरणिकेसाठी दुसरा विषय शोधावा असे मनातही आले नाही. ती प्रयोगशाळा कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावर, क्रमांक २१० मध्ये होती. ती कोणा संस्थानिकाने किंवा इंग्रज सरकारने उभारलेली नव्हती. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देणाऱ्या एका होमिओपॅथ डॉक्टरने ती वर्गणी गोळा करून उभी केली होती. त्यांचे नाव डॉ. महेंद्रलाल सरकार.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८३३ रोजी हावडा जिल्ह्यातील पाइकपाडा या खेड्यात झाला. घराणे शेतकऱ्याचे. मूल पाच वर्षांचे असताना वडील वारले आणि नवव्या वर्षी आईही गेली. आपल्या बोलीत सांगायचे तर पुरता यतीम मुलगा. कलकत्त्यात राहणाऱ्या मामांनी त्याला सांभाळले. मामांची परिस्थितीही बेताचीच. हेअर साहेबांच्या शाळेत त्याला फी माफ होती म्हणूनच तो शिकू शकला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो हिंदू कॉलेजात गेला. विज्ञानाचा नाद तेथेच लागला. पण त्या कॉलेजात विज्ञान पुरेसे शिकविले जात नाही हे पाहून १८५४ च्या सुमारास त्याने वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरली. आपल्या वसतिगृहातील ज्या मुलांना फी माफीचा अर्ज लिहिताना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी एवढा तपशील मुद्दाम दिला आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात तो दुसऱ्या वर्षाला असतानाची एक हकिकत सांगतात. एका नातलगाला घेऊन तो नेत्ररोगाच्या दवाखान्यात गेला होता. तेथे प्राध्यापक वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना डोळ्याच्या रचनेविषयी काही विचारीत होते आणि कोणालाच उत्तर येईना. मागे उभ्या असलेल्या महेंद्रलालने ते दिले. प्राध्यापकांनी आणखी विचारले, त्याचीही उत्तरे मिळाली. परिणाम असा झाला की या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने प्रकाशशास्त्रावर आपल्याच महाविद्यालयात व्याख्याने दिली. १८६० साली तो परवाना परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८६३ साली एम. डी. झाला. कलकत्ता विद्यापीठाचा तो दुसराच एम. डी. त्या काळी हिंदी माणसाला ही पदवी म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. मोठमोठ्या घरांतून बोलावणी येऊ लागली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची बंगाल शाखा त्याच वर्षी निघाली, तिचे ते चिटणीस झाले आणि पुढे उपाध्यक्षही. शाखेच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी होमिओपॅथीवर कडक टीका केली. ही भोंदूगिरी आहे असे त्यांचे तेव्हाचे ठाम मत होते.

येथे थोडे थांबून होमिओपॅथी म्हणजे काय ते पाहू. जर्मनीतील डॉक्टर सॅम्युअल हानेमान (१७५५ ते १८४३) हे या पद्धतीचे जनक. १७९० साली एका इंग्रजी वैद्यक ग्रंथाचे भाषांतर करताना त्यांनी हिवतापावरचे औषध, म्हणजे सिंकोना झाडाची साल, निरोगी असताना स्वतःच घेऊन पाहिली. आपल्याला तापासारखी लक्षणे झाली असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी तत्त्व बांधले : निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य अल्प मात्रेत दिल्यास ती लक्षणे असलेला रोगी बरा होतो. काट्याने काटा काढावा तसे. १८१० साली त्यांनी आपला मुख्य ग्रंथ 'ऑर्गेनॉन' प्रसिद्ध केला.

हे वाचून हसण्यापूर्वी त्या वेळची रूढ वैद्यकी कशी होती तेही ध्यानात घ्या. रोग्याच्या अंगातून पेलेभर रक्त काढायचे, जळवा लावायच्या, पाऱ्याचे क्षार हिरड्या सुजेपर्यंत खायला घालायचे, जुलाब आणि ओकाऱ्या करवायच्या, ही पदवीधर डॉक्टरांची मान्य चिकित्सा होती. रोगजंतूंचा सिद्धांत अजून प्रस्थापित व्हायचा होता. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात येऊन अभ्यासला तो १८८४ साली. अशा काळात ज्या औषधाने निदान अपाय तरी होत नाही, त्याचे रोगी अधिक संख्येने उठून बसताना दिसले तर आश्चर्य ते काय!

तर डॉ. सरकारांकडे एक काम आले. 'इंडियन फील्ड' या पत्राचे संपादक किशोरीचंद मित्र यांनी मॉर्गन नावाच्या लेखकाचे होमिओपॅथीच्या तत्त्वज्ञानावरचे पुस्तक परीक्षणासाठी त्यांच्या हाती दिले. पुस्तकाच्या चिंधड्या उडवायला ही छान संधी होती. परंतु वाचता वाचता त्यांना वाटले की प्रत्यक्ष रोगी पाहिल्याखेरीज यावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कलकत्त्यात राजेंद्रलाल दत्त नावाचे एक श्रीमंत गृहस्थ हौसेने होमिओपॅथी करीत. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या डोकेदुखीवर त्यांच्या औषधाने गुण आला अशी त्यांची ख्याती होती. डॉ. सरकार त्यांच्याबरोबर रोगी पाहू लागले. काही रोग्यांना औषध न देता केवळ पथ्यावर ठेवूनही त्यांनी पाहिले, म्हणजे गुण औषधाचा की पथ्याचा हा प्रश्न त्यांना सुचला होता. शेवटी त्यांचे मत पालटले.

मत पालटणे एक आणि ते चारचौघांत सांगणे दुसरे. १६ फेब्रुवारी १८६७ रोजी त्याच ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेच्या वार्षिक सभेत उपाध्यक्ष डॉ. सरकार उभे राहिले आणि त्यांनी निबंध वाचला. रूढ वैद्यकीची अनिश्चितता त्यांनी दाखविली आणि हानेमानच्या तत्त्वाचा निःपक्षपाती विचार व्हावा असे प्रतिपादन केले. सभेत गदारोळ माजला. कालपर्यंत मानाने खुर्ची देणारे युरोपीय सहकारी संतापले, आणि हिंदी डॉक्टरांनीही पाठ फिरविली. व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. शहरातला भरभराटीचा व्यवसाय बसला. जवळजवळ सहा महिने आपल्याकडे म्हणण्याजोगा रोगी नव्हता, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. तेहतीस वर्षांचा, घरसंसार असलेला माणूस, पाठीशी वडिलार्जित दमडी नाही, आणि हातची चालती गाडी त्याने आपल्या जबानीने थांबविली.

वाचकहो, हा प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा त्याच मुलाने पुन्हा हात वर केला. "सर, मग ते बरोबर होते की चूक?"

या पोराचे प्रश्न मला झोपू देत नाहीत. पण उत्तर देणे भाग आहे, आणि ते आजच्या ज्ञानाने दिले पाहिजे. होमिओपॅथीत औषधाचा एक थेंब नव्याण्णव थेंब अल्कोहोलमध्ये मिसळतात. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णव थेंबांत. असे तीस वेळा केले की 'तीस शक्ती'चे औषध तयार होते. गणित केले तर मूळ द्रव्याचे प्रमाण एकावर साठ शून्ये इतक्या भागांत एक भाग असे पडते. पदार्थ रेणूंचा बनलेला असतो आणि ते रेणू मोजता येतात. साधारण बाराव्या मिश्रणाच्या पुढे मूळ औषधाचा एकही रेणू राहण्याची शक्यता उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने जगभरचे संशोधन तपासून २०१५ साली असा निष्कर्ष काढला की एकाही विकारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. आमच्या घरी आईच्या ट्रंकेत या गोळ्यांच्या बाटल्या होत्या आणि लहानपणी त्या मी चोरून खाल्ल्याही आहेत; त्यामुळे हे लिहिताना थोडे जड जाते. पण मधुमेहाची किंवा क्षयाची गोळी बंद करून कोणी यांवर विसंबू लागला तर त्याला मी अडवीनच.

तेव्हा निष्कर्षापुरते डॉ. सरकार चुकले, असे मी त्या मुलाला सांगितले. थोड्या रोग्यांवरून मोठे अनुमान काढले की असे होते. रोगी कित्येकदा आपोआप बरा होतो, आणि तो फरक ओळखण्याची शास्त्रशुद्ध रीत, म्हणजे रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडणे आणि कोणाला काय दिले हे लपवून ठेवणे, ही रूढ झाली विसाव्या शतकात. त्यांना ती उपलब्ध नव्हती. मात्र आपले छापील मत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी जुळेना तेव्हा त्यांनी मत सोडले. आणि ज्यांनी त्यांना बाहेर काढले त्यांनीही त्या वेळी प्रयोग करून काही पडताळले नव्हते, हेही खरेच आहे.

या ओघात आणखी एक गोष्ट सापडली. आपल्या घराघरांत ज्यांचे नाव घेतले जाते ते सर सय्यद अहमद खान हेही याच सुमारास होमिओपॅथीकडे वळले होते. ते बनारसला न्यायाधीश असताना १८६७ मध्येच तेथे होमिओपॅथीचा दवाखाना निघाला व त्यात त्यांचा पुढाकार होता. त्याआधी १८६४ साली गाझीपूर येथे त्यांनी सायंटिफिक सोसायटी स्थापून इंग्रजी शास्त्रीय ग्रंथांचे उर्दूत भाषांतर सुरू केले होते. कलकत्त्यात नवाब अब्दुल लतीफ यांची मुहम्मदन लिटररी सोसायटी १८६३ पासून भरत असे, आणि तिच्या सभांतूनही शास्त्रीय विषयांची व्याख्याने होत. म्हणजे १८६० ते १८७० या दहा वर्षांत देशातल्या निरनिराळ्या जमातींतली विचारी माणसे एकाच गोष्टीभोवती घोटाळत होती : हे नवे शास्त्र आपल्या मुलांच्या हाती कसे पडेल?

डॉ. सरकारांनी याचे उत्तर आपल्या परीने दिले. बहिष्कारामुळे वैद्यकीय पत्रांचे दरवाजे बंद झाले तेव्हा त्यांनी जानेवारी १८६८ पासून स्वतःचे मासिक काढले, 'कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन'. रोगी हळूहळू परतले, पुढे तर एवढी गर्दी होऊ लागली की शहरातल्या सर्वांत नामांकित डॉक्टरांत त्यांची गणना झाली. या मासिकात ऑगस्ट १८६९ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला : हिंदी लोकांनी स्वतः भौतिक शास्त्रांची जोपासना करावी यासाठी एक राष्ट्रीय संस्था हवी. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन त्यांच्या डोळ्यांपुढे होती. मात्र एक अट त्यांनी घातली. संस्था सर्वस्वी हिंदी लोकांच्या पैशाने आणि हिंदी लोकांच्या हाती चालावी.

३ जानेवारी १८७० रोजी 'हिंदू पेट्रियट' पत्रात योजना प्रसिद्ध झाली आणि वर्गणी मागणे सुरू झाले. आपल्या संस्थेच्या इमारत निधीसाठी ज्यांनी दारोदार पावतीपुस्तक फिरविले आहे, त्यांना यापुढची सहा वर्षे समजावून सांगायला नकोत. लग्नात आणि श्राद्धात हजारो उधळणारे धनिक या कामाला हात आखडता घेत. विद्यासागरांसारख्या मोजक्या लोकांनी साथ दिली. दुसरी अडचण याहून अवघड होती. पुष्कळ पुढारी म्हणू लागले की शुद्ध शास्त्र शिकून पोट भरते काय? त्यापेक्षा हस्तोद्योगाची, यंत्रकामाची शाळा काढा, मुले लगेच कमावू लागतील. हा वाद सभांतून रंगला. डॉ. सरकार मागे हटले नाहीत. कारागीर शिकविण्याच्या शाळा निघाव्यात, पण ज्या शास्त्रातून यंत्रे निघतात ते शास्त्रच आपल्याकडे नसेल तर आपण कायम दुसऱ्याची यंत्रे चालवीत राहू, असा त्यांचा मुद्दा होता. सेंट झेवियर कॉलेजातील बेल्जियन जेझुइट पाद्री व पदार्थविज्ञानाचे अध्यापक फादर लाफों यांनी त्यांची बाजू भक्कमपणे उचलून धरली.

पालकसभेत दरवर्षी "विज्ञान शाखा घेऊन पुढे काय, आयटीआयच बरे ना?" हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणारा बाप हमाली करणारा किंवा आखातातून पैसे पाठविणारा असतो, त्याला शुद्ध शास्त्राचे व्याख्यान झोडायला माझी जीभ उचलत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातही हाच वाद होता आणि तेव्हाही दोन्ही बाजूंचे लोक मुलांच्या हिताचेच बोलत होते, एवढे मात्र आता मला माहीत झाले आहे.

अखेर २९ जुलै १८७६ रोजी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था सुरू झाली. समारंभाला बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल होते. दुष्काळातील मजुरी कमी केल्यामुळे दख्खनेत ज्यांचे नाव कटू झाले आणि १८७७ पासून जे आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले, तेच हे टेंपल. संस्थेत संध्याकाळी व्याख्याने होत आणि सोबत प्रयोग दाखवीत. फादर लाफों अनेक वर्षे तेथे बोलले. स्वतः डॉ. सरकार दिवसभर रोगी तपासून संध्याकाळी पदार्थविज्ञानावर बोलायला उभे राहत. तरुण जगदीशचंद्र बोस आणि आशुतोष मुखर्जी यांनीही तेथे वर्ग घेतले. विजयानगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा बांधली गेली.

एवढे होऊनही जुना डाग पुसला गेला नाही. डॉ. सरकार कलकत्ता विद्यापीठाचे फेलो होते. १८७८ साली त्यांची नेमणूक वैद्यक शाखेच्या मंडळावर झाली, तेव्हा इतर सदस्यांनी होमिओपॅथाबरोबर बसण्यास नकार दिला. विद्यापीठाचा एम. डी. असलेल्या माणसाला विद्यापीठाच्याच मंडळात बसता येईना! पत्रव्यवहार पुष्कळ झाला. शेवटी त्यांनी त्या मंडळाचा राजीनामा दिला. याच विद्यापीठाने १८९८ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले. मधल्या काळात ते कलकत्त्याचे शेरीफ आणि विधिमंडळाचे सभासदही झाले.

स्वभाव तिखट होता. १८७१ साली ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेन यांनी मुलीचे विवाहाचे योग्य वय कोणते असे डॉक्टरांना विचारले, तेव्हा डॉ. सरकारांनी किमान सोळा असे उत्तर दिले. पुढच्या वर्षीच्या कायद्यात चौदाच घातले गेले. सोळा म्हणणे त्या काळी किती धाडसाचे होते हे दहावीनंतर मुलीला शाळेतून काढू पाहणाऱ्या पालकांनी मनाशी पाहावे. १८८५ साली रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर हेच. रोगी तपासून झाला तरी तासन्‌तास बसत, भक्तांशी वाद घालीत. परमहंसांवर त्यांचे अतोनात प्रेम जडले. पण माणसाला देव मानणे आपल्याला पटत नाही हे भक्तांच्या तोंडावर सांगायला ते कचरले नाहीत, आणि भक्तांनीही ही संभाषणे प्रामाणिकपणे टिपून ठेवली आहेत. बैद्यनाथ-देवघर येथे त्यांनी पत्नीच्या, राजकुमारीच्या, नावाने कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले.

शेवटची वर्षे मात्र दम्याने आणि निराशेने ग्रासली. इमारत झाली, उपकरणे आली, परंतु पूर्ण वेळ संशोधन करणारे पगारी प्राध्यापक नेमण्याइतका निधी काही जमला नाही. व्याख्यानांना मुले येत, परीक्षेपुरते ऐकत आणि नोकरी लागली की फिरकत नसत. आपण जन्मभर धडपडून जे उभारू पाहिले ते उभे राहिले नाही, अशी खंत त्यांनी संस्थेच्या सभेत उघड बोलून दाखविली. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. चिटणिसाचे काम त्यांचे चिरंजीव डॉ. अमृतलाल यांच्याकडे आले. प्रयोगशाळेतली उपकरणे बव्हंशी धूळ खात होती.

१९०७ साली मद्रासकडचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून नेमणूक होऊन कलकत्त्यास आला. ट्रामने कचेरीला जाता-येताना बहूबाजार रस्त्यावर त्याला एक पाटी दिसली. तो उतरला आणि त्याने दार ठोठावले. आशुबाबू डे नावाच्या साहाय्यकाने दार उघडले व त्याला अमृतलालांकडे नेले. येथे मला फावल्या वेळात प्रयोग करता येतील का, असे त्या तरुणाने विचारले. अमृतलालांना फार आनंद झाला. वडिलांना हवा होता तो माणूस तीन वर्षे उशिरा आला होता. त्यांनी प्रयोगशाळा त्याच्या स्वाधीन केली. कचेरीपूर्वी पहाटे आणि कचेरीनंतर रात्री उशिरापर्यंत तेथे दिवा जळू लागला. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो शोध लागला आणि १९३० साली ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तो याच इमारतीत.

संस्था नंतर जादवपूरला गेली आणि आजही चालू आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला वर्गात उभे करून सांगितले : प्रयोगशाळा डॉ. महेंद्रलाल सरकारांची. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि खाली बसता बसता विचारले, "सर, आपल्या शाळेची प्रयोगशाळा सुटीत उघडी ठेवता येईल का?" चावी मुख्याध्यापकांकडे असते. मी त्यांना विचारले आहे.